डोकं दुखतंय, पण सांगायचं कसं?

मुलांनो, तुमच्यापैकी कळसूबाईला कोण कोण जाऊन आलंय? आपल्या महाराष्ट्रातलं हे सगळ्यांत उंच शिखर. उंची १,६४६ मीटर. लोखंडी शिड्या चढताना पाय भरून येतात, धाप लागते, पण वर जाऊन लिंबूसरबत प्यायलं की गडी पुन्हा ताजातवाना! सह्याद्रीत धोके नाहीत असं नाही. पावसाळ्यात निसरड्या वाटा, सुटणारे दगड, दरीचा काठ, उन्हाळ्यात संपलेलं पाणी, या सगळ्याची काळजी घ्यावीच लागते. पण एक धोका मात्र सह्याद्रीत नाही. तो म्हणजे नुसत्या उंचीचा.

हा धोका हिमालयात भेटतो. तो दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. तुम्ही कितीही धट्टेकट्टे असा, शाळेत धावण्याच्या शर्यतीत पहिले येत असा, त्याला त्याचं काहीच नसतं. हल्ली मुंबई-पुण्याहूनच नव्हे, तर नाशिक, कोल्हापूर, नागपूरहूनही कितीतरी कुटुंबं मुलांना घेऊन हिमालयात जातात. सोबत गाईड असतो, सामान उचलायला माणसं असतात, मुक्कामाची सोय झालेली असते. मग काळजी कसली, असं वाटतं. मलाही या प्रवासात गाईडचं काम नेमकं काय असतं ते एका माणसाकडून नीट शिकायला मिळालं. तेच आज तुम्हांला सांगायचं आहे.

आधी थोडा भूगोल. मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे त्याशिवाय माझं पान हलत नाही! उंचावर ‘ऑक्सिजन कमी असतो’ असं आपण म्हणतो. खरं तर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण समुद्रकिनाऱ्यावर आणि एव्हरेस्टवर सारखंच असतं, शंभरात सुमारे २१ भाग. बदलतो तो हवेचा दाब. लग्नघरात गाद्यांची चवड रचलेली तुम्ही पाहिली असेल. सगळ्यांत खालची गादी वरच्यांच्या वजनानं चेपून घट्ट झालेली असते, वरची मात्र फुगीर आणि सैल. हवेचंही तसंच. आपण खालच्या गादीत राहतो. जसजसं वर जावं तसतशी हवा सैल होत जाते. एव्हरेस्टच्या पायथ्याचा तळ आहे ५,३६४ मीटरवर. तिथं हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याच्या आसपास असतो. म्हणजे छाती भरून श्वास घेतला तरी आत जाणारा ऑक्सिजन जवळजवळ अर्धाच!

आपलं शरीर हुशार आहे. ते जोरात श्वास घ्यायला लागतं, हृदय भराभर धावतं आणि हळूहळू सवय करून घेतं. पण ‘हळूहळू’ हा शब्द महत्त्वाचा, बरं का. त्यासाठी त्याला दिवस लागतात. म्हणून डोंगरात एक साधा नियम पाळतात. ३,००० मीटरच्या वर गेलं की रोजच्या मुक्कामाची उंची साधारण ५०० मीटरहून जास्त वाढवायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबायचं. दिवसा वर चढून यायला हरकत नाही, झोपायला मात्र खाली यायचं. हा नियम मोडला की शरीर कुरकुर करतं. डोकं दुखतं, भूक जाते, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं, चक्कर येते. हा झाला उंचीचा साधा आजार. तिथंच थांबून विश्रांती घेतली तर बहुतेक वेळा तो उतरतो. पण दुखणं अंगावर काढून वर चढत राहिलं, तर मेंदूला सूज येऊ शकते किंवा फुप्फुसांत पाणी साचू शकतं. मग मात्र प्रश्न तासांचा असतो, आणि मुख्य उपाय एकच, खाली उतरणं.

२०२३ च्या ऑक्टोबरात मी एव्हरेस्टच्या तळापर्यंत गेले. आम्ही अकराजण होतो. सोबत एक मुख्य गाईड, दोन मदतनीस गाईड आणि सामान वाहणारे सहाजण. या सामान वाहणाऱ्यांना नेपाळात ‘भरिया’ म्हणतात. आमच्यात सगळ्यांत लहान होता नववीतला एक मुलगा. तो आपल्या बाबांबरोबर आला होता. पहिल्या दिवसापासून तो सगळ्यांच्या पुढे! पुलावर पहिला, चढावर पहिला, चहाच्या दुकानात पहिला. आम्ही त्याचं नावच ठेवलं ‘कप्तान’. आमचा गाईड मात्र त्याला सारखा हाक मारायचा, “बिस्तारै, भाइ, बिस्तारै!” म्हणजे ‘हळू, बाळा, हळू’. गाईड चाळिशीचा, शांत माणूस. नेपाळीत मोठ्या भावाला ‘दाइ’ म्हणतात, म्हणून आम्ही सगळे त्याला दाइ म्हणायचो.

लुक्लाला विमानातून उतरलो त्याच संध्याकाळी दाइनं आम्हांला एक कागद दाखवला. त्यावर चार प्रश्न होते. डोकं दुखतं का? भूक कशी आहे, मळमळ-उलटी आहे का? थकवा किती? चक्कर येते का? प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन मार्क. काहीच त्रास नसेल तर शून्य, फार असेल तर तीन. कॅनडातल्या लेक लुईस या ठिकाणी जमलेल्या डॉक्टरांनी १९९१ मध्ये ही पद्धत ठरवली आणि २०१८ मध्ये ती सुधारली. डोकं दुखत असेल आणि एकूण बेरीज तीन किंवा त्याहून जास्त झाली, तर उंचीचा आजार आहे असं समजायचं. “इथं शून्य मिळवणारा पहिला!” असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. दाइ हसला नाही. म्हणाला, “नहीं दिदी, यहाँ सच बोलनेवाला पहला.”

त्याची आणखी एक रीत मला आधी विचित्र वाटली. वाटेत दुसरे गट भेटत. त्यांचे गाईड जेवणाच्या टेबलाशी उभे राहून सगळ्यांना एकदम विचारत, “सब ठीक?” आणि सगळे एका सुरात ओरडत, “एकदम मस्त!” आमचा दाइ असं कधीच विचारत नसे. जेवणं झाली की तो एकेकाच्या खोलीत जायचा, बाजूला बसायचा, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा आणि चारही प्रश्न वेगळे वेगळे विचारायचा. मी एकदा कारण विचारलं. तो म्हणाला, “चार माणसांसमोर कोण कबूल करील?” पटलं मला. वर्गात “समजलं का?” विचारल्यावर चाळीस मुलं “हो बाई!” म्हणतात, आणि वही तपासायला घेतली की खरी गोष्ट कळते. तसंच हे!

आणि हेच प्रश्न तो भरियांनाही विचारायचा. भरिया म्हणजे सगळे शेर्पाच, आणि त्यांना उंची बाधतच नाही, असं आपल्याला वाटतं. ते खरं नाही. पुष्कळ भरिया खालच्या खोऱ्यांतल्या गावांतून कामाला येतात. त्यांचं शरीर तुमच्याआमच्यासारखंच. वर पाठीवर ओझं. शिवाय ‘डोकं दुखतंय’ म्हटलं तर मजुरी बुडेल ही धास्ती. त्यांच्यासाठी तर खरं बोलणं आणखी कठीण. नामचेला आमच्यातल्या एका भरियाचं डोकं दुखत होतं. दाइनं त्याचं ओझं दोघांत वाटून दिलं, एक दिवस त्याला बसवून ठेवलं आणि पगार कापणार नाही असं सगळ्यांसमोर सांगितलं. ही एक गोष्ट मात्र त्यानं मुद्दाम चारचौघांत केली!

नामचे बाजार आहे सुमारे ३,४४० मीटरवर. तिथं आम्ही दोन रात्री राहिलो. मग तेंगबोचे, आणि मग सुमारे ४,४०० मीटरवरचं डिंगबोचे. इथंही दोन रात्री थांबायचं होतं. कप्तानाचे मार्क रोज शून्य. दुसऱ्या दिवशी आम्ही जवळच्या टेकडीवर चढून खाली आलो, तेव्हा तो पहिल्यांदाच सगळ्यांच्या मागे होता. रात्री डाळभाताची थाळी त्यानं तशीच सरकवली आणि “झोप येतेय” म्हणून खोलीत गेला.

थोड्या वेळानं दाइ त्याच्या खोलीत गेला. माझी खोली शेजारचीच, मध्ये फक्त फळ्यांची भिंत, त्यामुळे बोलणं ऐकू येत होतं. बाबा म्हणत होते, “दमलाय तो. झोपू दे. सकाळी बघू.” दाइ म्हणाला, “सर, आज रात को सोने नहीं देना है.” मीही उठून दारात गेले. दाइनं कप्तानाला उभं केलं आणि जमिनीच्या एका फळीवरून सरळ चालायला सांगितलं. एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना लावत, आपण लहानपणी खेळताना मोजतो ना, तसं. चौथ्या पावलाला त्याचा तोल गेला. तो हसला, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तोल गेला. आता कुणीच हसलं नाही. दाइनं आम्हांला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, पाय डगमगणं, बोलण्यात गोंधळ आणि न आवरणारी झोप ही मेंदूला सूज येत असल्याची खूण. आणि नुसतं बसलं असताना धाप लागली, खोकला थांबेना, तर ती फुप्फुसांची. दोन्हींत सकाळची वाट पाहायची नसते.

बाहेर काळोख आणि कडाक्याची थंडी. हेलिकॉप्टर रात्री येत नाही, ढगांतही येत नाही. पण डिंगबोचेहून एक टेकाड ओलांडलं की फेरिचे नावाचं गाव आहे. तिथं हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे. ही संस्था १९७३ साली सुरू झाली. हंगामात तिथं डॉक्टर असतात, आणि दुपारी ते वाटसरूंना उंचीच्या आजाराची माहितीही देतात. दाइनं लगेच छोट्या सिलिंडरमधून ऑक्सिजन सुरू केला. कप्तानाला पांघरुणात गुंडाळलं. आणि कोणी उचललं असेल त्याला? ज्या भरियाचं नामचेला डोकं दुखलं होतं, त्यानं! तो आता ठणठणीत होता. दुसरा भरिया आळीपाळीनं मदतीला, पुढं दिवा घेऊन मदतनीस गाईड, मागं बाबा आणि दाइ. ती पाच-सहा माणसं अंधारात टेकाड चढताना मी पाहत राहिले. दिवा लहान लहान होत गेला आणि दिसेनासा झाला. त्या रात्री आमच्यापैकी कोणाला झोप लागली नाही.

डॉक्टरांनी रात्रभर ऑक्सिजन आणि औषध दिलं. सकाळी आभाळ स्वच्छ होतं, म्हणून हेलिकॉप्टर आलं आणि बापलेक खाली गेले. दोन दिवसांनी बाबांचा निरोप आला, पोरगा बरा आहे, भूक लागली म्हणून भांडतोय. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या!

पुढं पुण्यात तो मला भेटला तेव्हा मी विचारलं, “अरे, डोकं कधीपासून दुखत होतं?” म्हणाला, “तेंगबोचेपासून.” “मग सांगितलं का नाहीस?” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मावशी, माझ्यामुळे सगळे थांबले असते. आणि बाबांनी किती दिवस पैसे साठवले होते.”

पालकहो, हे वाक्य मी खास तुमच्यासाठी लिहिते आहे. त्या मुलाला भीती आजाराची नव्हती. आपण सगळ्यांना अडचण होऊ, याची होती. निघण्यापूर्वी आपण मुलांना सांगतो, ‘हिंमत सोडायची नाही’, ‘तळावरचा फोटो शाळेत दाखवायचा हं!’ त्याऐवजी एवढंच सांगून पाहा, ‘तू कुठूनही परत फिरलास तरी मी तुझ्याबरोबर आनंदानं परत येईन.’ आणि ट्रेक नेणाऱ्या मंडळींना पैसे भरण्याआधी हे प्रश्न जरूर विचारा.

१. रोजचा मुक्काम किती उंचीवर? विश्रांतीचे आणि जादा राखीव दिवस किती?

२. कोणी आजारी पडलं तर त्याच्यासोबत खाली कोण जाणार? तेवढे मदतनीस गाईड आहेत का? (ते असतील तर एकासाठी सगळा गट थांबत नाही. मुलांना हे आधीच माहीत असलं तर लपवायचं कारणच उरत नाही.)

३. गाईडनं उंचीच्या आजाराचं आणि प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलं आहे का? सोबत ऑक्सिजन आणि ऑक्सिमीटर आहे का?

४. मोबाईल लागत नाही तिथं हवामानाची बातमी कशी मिळते? मागं फिरायचं कोण ठरवतो?

५. विमा किती उंचीपर्यंतचा आहे? आणि भरियांचा विमा, गरम कपडे आणि ओझ्याची मर्यादा यांचं काय?

चौथ्या प्रश्नाला कमी समजू नका. २०१४ च्या ऑक्टोबरात ‘हुदहुद’ चक्रीवादळ विशाखापट्टणमजवळ किनाऱ्याला धडकलं. त्याची बातमी आपल्याकडे घरोघरी टीव्हीवर होती. पण दोनच दिवसांनी त्याच वादळाचं बर्फ नेपाळात अन्नपूर्णा परिसरात कोसळलं, तेव्हा ५,४१६ मीटरच्या थोरोंग ला खिंडीच्या वाटेवरच्या कित्येकांना त्याची कल्पनाही नव्हती. त्या बर्फात किमान ४३ माणसं गेली. प्रवासी, गाईड आणि भरिया, सगळेच. जून २०२४ मध्ये उत्तराखंडात सहस्त्रतालच्या वाटेवर २२ जणांचा गट वादळात सापडला आणि त्यातल्या नऊजणांचा जीव गेला. जून म्हणजे आपल्याकडे आंब्यांचे शेवटचे दिवस, पण वर बर्फाचं वादळ! हिमालयात महिन्यावर विसंबून चालत नाही, त्या दिवसाच्या आभाळाची बातमी हवी आणि ती ऐकून मागं फिरायची तयारी हवी.

मागं फिरणं म्हणजे हरणं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक खरी गोष्ट. योरान क्रॉप नावाचा स्वीडनचा गिर्यारोहक होता. १९९५ च्या ऑक्टोबरात तो आपल्या देशातून चक्क सायकलवर निघाला आणि नेपाळला पोचला. १९९६ च्या मे महिन्यात तो एकटा, नळकांड्यातल्या ऑक्सिजनशिवाय एव्हरेस्ट चढत होता. शिखर तासाभरावर राहिलं असताना त्याच्या लक्षात आलं, उशीर झालाय, आता वर गेलो तर उतरायला ताकद आणि उजेड उरणार नाही. इतक्या हजारो किलोमीटरची सायकल मारून आलेला माणूस तिथून मागं फिरला! पुढच्या आठवड्यात, १० आणि ११ मे रोजी, त्याच डोंगरावर वादळात आठजण मरण पावले. काहीजण फार उशिरापर्यंत वर चढत राहिले होते. क्रॉप मात्र जिवंत होता, म्हणून २३ मे रोजी तो पुन्हा चढला आणि शिखरावर पोचला.

आता शेवटचं, आणि हे फक्त तुमच्यासाठी, मुलांनो. याची तालीम करायला हिमालयात जायला नको. सहलीच्या बसमध्ये मळमळत असेल, कवायतीला उभं राहून डोळ्यांपुढं अंधारी येत असेल, पोहायला गेल्यावर दम पुरत नसेल, तर हात वर करा आणि सांगा. कोणी हसलं तर हसू द्या. आणि तुमच्या गटातला नेहमी पुढं असणारा एखादा मित्र अचानक मागं रेंगाळायला लागला, डबा न खाता तसाच बंद करायला लागला, तर त्याला सगळ्यांसमोर “काय रे, दमलास?” असं विचारू नका. हळूच बाजूला घ्या, शेजारी बसा आणि मग विचारा. बहुतेक वेळा तो खरं सांगेल.